हे खरे आहे काय? : लेखी प्रश्नाच्या हक्काचा इतिहास

आपल्या वस्तीत आमदार-खासदार आले म्हणजे आपण त्यांच्याकडे काय मागतो? गटाराला झाकण, नळाची लाईन, समाजमंदिराला पत्रे, फार झाले तर चौकात मोठा दिवा. मागण्यात चूक काहीच नाही, तो आपला हक्कच आहे. परंतु "साहेब, मागच्या अधिवेशनात तुम्ही सरकारला किती प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे काय आली?" असे विचारणारा माणूस आम्हाला आजवर फार थोड्या वेळा भेटला. वास्तविक झाकण बसवणे हे नगरपालिकेचे काम. आमदाराचे खरे काम सरकारकडून हिशेब मागण्याचे. आणि हिशेब मागण्याचे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुने आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित हत्यार म्हणजे लेखी प्रश्न. हे हत्यार आपल्या हाती कसे आले आणि ते कोणी कसे चालवले, याचा थोडा इतिहास या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावा असे आम्ही ठरवले.

विलायतेच्या पार्लमेंटात पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा सांगतात. साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, हजारो लोकांचे पैसे बुडाले आणि कंपनीचा खजिनदार परदेशात पळाला. त्याला पकडले आहे अशी बातमी आहे, ती खरी आहे का, असे लॉर्ड कौपर यांनी उमरावांच्या सभेत सरकारला विचारले. म्हणजे पहिला प्रश्नच मुळी लोकांच्या बुडालेल्या पैशाचा. आज तीनशे वर्षे होऊन गेली, प्रश्नाचा विषय फारसा बदललेला नाही!

इंग्रजी अमलातला प्रश्न

आपल्या देशात हा हक्क असा सहज मिळाला नाही. १८५३ च्या कायद्यानंतर कलकत्त्याच्या कौन्सिलातले सभासद कारभाराबद्दल विचारपूस करू लागले, तेव्हा सरकारला ते रुचले नाही. १८६१ च्या कायद्याने कौन्सिलाचे काम फक्त कायदे करण्यापुरते बांधून टाकले. कारभार कसा चाललाय हे विचारायचे नाही. पुढे १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टाने प्रश्न विचारण्याची परवानगी दिली, पण तीही अर्धीमुर्धी. प्रश्न विचारायचा, मिळेल ते उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. उत्तरावर उलट प्रश्न नाही.

या हक्काखालचा पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला गेला. विचारणारे होते भिंगाचे राजे. भिंगा हे आज उत्तर प्रदेशातील श्रावस्ती जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे, म्हणजे जेतवनाच्या पंचक्रोशीतले गाव, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. प्रश्न असा होता की, सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांच्या छावणीला गावच्या दुकानदारांना सामान पुरवावे लागते आणि त्यात त्यांना त्रास होतो, त्याचे काय? राजेसाहेबांना दुकानदारांचा त्रास दिसला. परंतु त्याच अंमलदाराच्या सामानाचे ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पळणारा महार वेठबिगार कौन्सिलात कोणाला दिसत होता? त्याच्या बाजूने विचारणारा तिथे कोणी बसलेलाच नव्हता. प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यात असणे वेगळे आणि आपला प्रश्न विचारणारा माणूस आत असणे वेगळे, ही गोष्ट इथेच समजून घेतली पाहिजे.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला उपप्रश्न विचारायची मुभा दिली. १९१९ च्या कायद्यानंतर ती सर्व सभासदांना मिळाली. १९२१ पासून बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला जाऊ लागला. ज्याला तोंडी उत्तर हवे त्याने आपल्या प्रश्नावर तारा काढायचा, ही पद्धतही तेव्हाची. आजचे 'तारांकित' आणि 'अतारांकित' हे शब्द त्या ताऱ्यातून आले. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून उत्तर देतो, त्यावर उपप्रश्न होतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते आणि पटलावर ठेवले जाते, त्यावर त्या वेळी उलटतपासणी नाही.

ठराव झाला, पण पाळला का?

मुंबई कौन्सिलात अस्पृश्यांचे पहिले नेमलेले सभासद ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हे १९२० च्या दशकाच्या आरंभी आले. त्याच काळात रावबहादूर सीताराम केशव बोले कौन्सिलात होते. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी आणि गिरणी कामगारांच्या 'कामगार हितवर्धक सभे'च्या संस्थापकांपैकी एक, म्हणून आम्हा गिरणीवाल्यांना त्यांचे नाव जास्त जवळचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलाने मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारच्या ताब्यातल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खात्यांना तसा हुकूम काढला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

झाले काय? कागदावर तळे खुले, काठावर मात्र बंद. बोल्यांना ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव आणावा लागला की, ज्या पालिका आणि बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. तीन वर्षांत सगळ्यांना कळून चुकले होते की, ठराव मंजूर करणे सोपे, तो पाळला की नाही हे पुन्हापुन्हा विचारत राहणे अवघड. पुढचे आपण सारे जाणतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी हाती घेतले.

पण त्याच्या एकच महिना आधी घडलेली गोष्ट आपल्या सभांमधून फारशी सांगितली जात नाही. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलाचे नेमलेले सभासद म्हणून शपथ घेतली. डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हेही त्यांच्याबरोबर होते. २४ फेब्रुवारीला बाबासाहेब अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले आणि मार्चमध्ये महाडला गेले. म्हणजे एक पाय कौन्सिलात आणि एक पाय तळ्यावर. काही मंडळी म्हणतात रस्त्यावरची लढाई खरी, कौन्सिलातले कागद म्हणजे शोभेचे. काही म्हणतात आता निवडून गेलो, मोर्चे कशाला? बाबासाहेबांनी दोन्ही कामे एकाच महिन्यात केली, एवढे उत्तर पुरे आहे.

महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा दुसरा खंड प्रसिद्ध केला. त्यात मुंबई कौन्सिलातल्या भाषणांबरोबरच त्यांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारने दिलेली उत्तरेही छापली आहेत. आपल्या विहारांच्या कपाटात हा खंड बहुधा असतो. भाषणांची पाने वाचून वाचून मळलेली असतात, प्रश्नांची पाने कोरी. तरुणांनी ती पाने मुद्दाम उघडावीत. भाषणात गर्जना असते, प्रश्नात हिशेब असतो.

प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आता ते विचारणाऱ्यांच्या बाकावरून उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर आले. १९४३ मध्ये लढाईच्या काळात कोळसा कमी पडू लागला, म्हणून बायकांना खाणीच्या पोटात कामाला लावण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्यावरून ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात हरकत घेतली गेली आणि बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. प्रश्न हा आपल्या माणसाला सोडून परक्याला विचारायचा नसतो. खुर्चीत जो बसेल त्याने उत्तर दिले पाहिजे, मग तो कितीही मोठा असो.

दोन्ही बाकांचा हा अनुभव घेऊनच ते संविधान सभेत गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची पद्धत आणि संसदीय पद्धत यांची तुलना केली. त्याचा आशय असा की, अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, पण संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. जबाबदारीची तपासणी दोन प्रकारे होते. एक ठरावीक मुदतीने, ती मतदार निवडणुकीत करतात. दुसरी रोजच्या रोज, ती सभासद करतात. कशाने? प्रश्न, ठराव, अविश्वास, तहकुबी, चर्चा यांच्याद्वारे. या यादीत प्रश्नाला त्यांनी पहिले स्थान दिले. आणि भारतासारख्या देशात ही रोजची तपासणी जास्त परिणामकारक आणि जास्त गरजेची आहे, असे त्यांचे मत होते. संविधानाच्या कलम ७५ आणि १६४ मध्ये मंत्रिमंडळ हे लोकसभेला आणि विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, असे लिहिले गेले ते याच विचाराने. आपण पाच वर्षांनी बोटाला शाई लावून घेतो ती झाली मुदतीची तपासणी. रोजची तपासणी चालू आहे की बंद पडली, तिकडे आपले लक्ष नसते.

लेखी आणि तोंडी

आम्ही गिरणीत साच्यावर उभे राहून आयुष्य काढले. पगाराच्या चिठ्ठीत कपात दिसली की आधी तोंडी विचारायचो. मुकादम म्हणायचा बघू, टाइमकीपर म्हणायचा वरून आलंय. महिना निघून जायचा. तीच गोष्ट अर्जावर लिहून, दोन प्रती करून, एकीवर पोहोच घेतली म्हणजे मात्र कचेरीत हालचाल व्हायची. कारण कागदाला उत्तर द्यावे लागते, उत्तराखाली कोणाची तरी सही लागते आणि सही करणारा माणूस सही करण्याआधी रजिस्टर उघडतो. सरकारातही यापेक्षा निराळे काही नाही.

आमदाराचा प्रश्न विधानभवनातून खात्याकडे जातो. मंत्रालयातले कारकून त्याला 'एल.ए.क्यू.' म्हणतात. तिथून तो आयुक्ताकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे, तहसीलदाराकडे किंवा पालिकेकडे उतरतो. आकडा खालून वर चढतो आणि मंत्र्याच्या तोंडी किंवा पटलावर येतो. जी फाईल वर्षभर हलली नाही ती आठ दिवसांत हलते. प्रश्नाचा अर्धा उपयोग उत्तर येण्यापूर्वीच होऊन जातो तो असा.

आपल्या विधानमंडळातल्या प्रश्नाची भाषा ठरून गेलेली आहे. "(१) अमुक जिल्ह्यातील मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, किती विद्यार्थ्यांची व किती रक्कम, (३) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तरेही तशीच ठरलेली. "होय." "अंशतः खरे आहे." "हे खरे नाही." "प्रकरण विचाराधीन आहे." आणि सगळ्यात लाडके उत्तर म्हणजे "प्रश्न उद्भवत नाही." ज्याला ही भाषा वाचता येते त्याला "अंशतः खरे आहे" या तीन शब्दांत बरेच काही सापडते.

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. प्रश्न १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. प्रश्नात टोमणा, आरोप, तर्क, विशेषणे चालत नाहीत, नुसते मत विचारलेलेही चालत नाही. माहिती मागावी लागते. "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" असे मंत्र्याने म्हटले तर ते आश्वासन धरले जाते. अशी आश्वासने पाळली की नाही हे पाहायला लोकसभेने १९५३ साली खास समिती नेमली आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत ठेवली.

या हत्याराला धार असते का? १९५७ सालचे मुंध्रा प्रकरण पाहा. आयुर्विमा महामंडळ नुकतेच १९५६ मध्ये राष्ट्रीय झाले होते. त्याने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर घेतले. ४ सप्टेंबर १९५७ रोजी डॉ. रामसुभग सिंह यांनी लोकसभेत यावर प्रश्न विचारला. उत्तर गुळमुळीत आले. गुळमुळीत उत्तर हाच पुरावा समजून फिरोज गांधी यांनी डिसेंबरात प्रकरण सभागृहात उभे केले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई, तरीही थांबले नाहीत. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

शब्द बदलला की उत्तर बदलते

आता आपल्या जिवाशी लागणारे उदाहरण घेऊ. गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून मेलेल्या सफाई कामगारांचे. २ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकसभेत सरकारने उत्तर दिले की, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसे मरण पावली. त्याच वर्षी २८ जुलैला राज्यसभेत उत्तर आले की, हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. सहा महिन्यांत ३४० चे शून्य कसे झाले? २०१३ च्या कायद्यात 'हाताने मैला उचलणे' आणि 'गटार-टाकीची धोकादायक सफाई' यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. एका शब्दाने विचारले तर ३४० मृत्यू, दुसऱ्या शब्दाने विचारले तर शून्य. मेलेला माणूस तोच, त्याची विधवा तीच, फक्त रकाना बदलला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. पण भरपाई मिळायला आधी मृत्यूची नोंद त्या रकान्यात पाहिजे. म्हणून प्रश्न लिहिणाऱ्याला कायद्यातला शब्द माहीत असलाच पाहिजे. आपण शिकायचे कशासाठी, याचे एक उत्तर हे आहे.

दुसरे उदाहरण सप्टेंबर २०२० चे. कोविडच्या कारणाने संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नाही, लेखी उत्तरे मात्र चालू ठेवली. १४ सप्टेंबरला श्रम मंत्रालयाने लेखी उत्तरात सांगितले की, टाळेबंदीत गावी चाललेले किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. उत्तर संतापजनक खरे, परंतु त्याची किंमत ओळखा. मजुरांचे मृत्यू मोजलेच गेले नाहीत, हे सरकारच्याच लेखणीने कायमचे नोंदले गेले. उद्या इतिहास लिहिणाऱ्याला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही.

हत्यार आहे म्हणजे ते विकणारेही निघतात. १९५१ सालीच मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत काम केल्याबद्दल एच. जी. मुदगल यांना जावे लागले. २३ डिसेंबर २००५ रोजी पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सभासदाला काढून टाकले गेले. प्रश्नाला बाजारात किंमत येते, यावरूनच त्याची ताकद किती ते समजावे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८ मध्ये एक मोलाचे वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचे. म्हणजे जो हक्क आमदाराचा तोच झोपडीतल्या माणसाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम नव्याने लिहिले आणि नव्या मजकुरात हे वाक्य राहिले नाही. तेव्हा आपल्या आमदार-खासदाराच्या प्रश्नाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, कमी झालेली नाही.

मग आपण करायचे काय? आमचे सांगणे साधे आहे. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी काढावी. शिष्यवृत्ती, वसतिगृह, अनुसूचित जातींचा निधी, सफाई कामगार, पाणी, जो विषय हातात असेल त्यावर मुलामुलींनी प्रश्न लिहावेत. किती, कधीपासून, कोणामुळे, किती खर्च, किती शिल्लक, एवढेच विचारावे. विशेषणे गाळावीत. कागदाच्या दोन प्रती करून आमदाराला द्याव्यात आणि पोहोच घ्यावी. अधिवेशन संपले की जाऊन विचारावे, प्रश्न दिला का, उत्तर काय आले? संसदेतली उत्तरे हल्ली मोबाईलवरही वाचता येतात, ती पोरांकडून काढून घेऊन विहाराच्या फळ्यावर लावावीत. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल त्याला झाकणाबरोबर प्रश्नांचाही हिशेब विचारावा.

१८९३ मध्ये वेठबिगाराचा प्रश्न विचारायला आत कोणी नव्हते. आज आत जाण्याचा रस्ता आहे, विचारायचा हक्क आहे, लिहिणारी लेकरे आपल्या घरात आहेत. आता फक्त कागद लिहायचा राहिला आहे.

जयभीम!